एका बाजूला पाय सोडून

ऑक्टोबरची नऊ तारीख. जवळा निवडायचा होता. पावसाळाभर डब्यात कोंडलेल्या सुक्या जवळ्याला पाऊस संपला की ऊन दाखवायचं आणि त्यातल्या काड्या, शिंपल्यांचे तुकडे, चुकून आलेले बारके मासे वेचून काढायचे, हे आमच्या घरातलं दरवर्षीचं काम. ते माझ्याकडे असे, कारण माझे डोळे चांगले होते आणि काम करताना मी बोलत नसे. गॅलरीत जुनं वर्तमानपत्र पसरून मी बसले होते. नखाएवढी ती सुकी कोळंबी बोटांनी बाजूला सारत होते, आणि सारता सारता खालून एक मोटरसायकल वर आली. आधी पुढचं चाक, मग टाकी, मग दिव्याभोवतीचं टोकदार कवच. अर्ध्या पानाची जाहिरात होती, काळीपांढरी. पण गाडी लाल असते हे मला ठाऊक होतं. वागळे इस्टेटमध्ये आमच्या कंपनीसमोरच्या वळणावर ती मी पाहिली होती. चालवणारा त्या वळणावर गाडीसकट आडवा झाला होता आणि पुढे जाऊन पुन्हा सरळ झाला होता, आणि हातातला डबा तसाच धरून मी बघत राहिले होते. जाहिरातीतली ती गाडी पूर्ण दिसावी म्हणून मी उरलेला जवळा कोपऱ्यात लोटला. निवडलेला आणि न निवडलेला एकत्र झाला. ते काम मला पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

आम्ही तेव्हा डोंबिवली पूर्वेला एका तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. त्याआधी ठाण्याच्या खाडीकाठी कोळीवाड्यात. खाडीत मासळी मिळेनाशी झाली तसे बाबा होडी सोडून कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि कारखाना डोंबिवलीत म्हणून आम्हीही इथे आलो. आईने मात्र धंदा सोडला नाही. ती रोज सकाळी पाटी घेऊन बाजारात जायची, दुपारी परत यायची. इमारतीत बाकी सगळी कचेरीत जाणारी माणसं. आमच्या घरात सुकट भाजली की खालच्या मजल्यावरच्या दातारकाकूंची खिडकी बंद व्हायची. त्या खिडकीच्या बिजागरीचा आवाज मला अजून ओळखता येईल. काकू वाईट नव्हत्या. जिन्यात भेटल्या की हसायच्या, नाकाला पदर लावूनच हसायच्या. मी शाळेत असल्यापासून इमारतीच्या आवारात आईला "आई" म्हणायला लागले होते. कोळीवाड्यात ती "आये" होती. हा बदल मला कुणी सांगितलेला नव्हता. आईनेही कधी विचारलं नाही. ती दोन्ही हाकांना ओ द्यायची.

गाडीची गरज खरी होती, ते आधी सांगते. माझी कंपनी वजनकाटे बनवायची आणि दुरुस्त करायची. मी टेबलावर बसून दुरुस्तीच्या नोंदी करत असे आणि कंटाळत असे. बाहेरचं काम म्हणजे कारखान्या-कारखान्यांत जाऊन काटे तपासायचं. त्याला पगारही बरा आणि डोकंही लागायचं. साहेबांनी मला सांगितलं होतं, "तुमचं काम चांगलं आहे, पण वजनांची पेटी घेऊन बसने कशा फिरणार? मोटरसायकल असेल तर बोला. मोपेडवर ती पेटी जाणार नाही." मोटरसायकल चालवायला मी कंपनीच्या मागच्या गल्लीत शिकले होते, कंपनीच्याच एका जुन्या, बुटक्या, खिळखिळ्या गाडीवर. लायसन्स होतं. पैशांचं जमलं. प्रश्न फक्त कोणती घ्यायची हा होता, आणि तो आमच्याकडे एकट्या माणसाने सोडवायचा प्रश्न नव्हता.

पुढच्या रविवारी हिरामामा आला. हा आईचा धाकटा भाऊ, कल्याणला खाडीच्या पुलाजवळ राहायचा, रेतीचे ट्रक चालवून झाले होते, आता दुसऱ्यांकडून चालवून घ्यायचा. चाक असलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल आमच्या नात्यात त्याचा शब्द शेवटचा. येताना ओले बोंबील घेऊन आला आणि चपला काढायच्या आधीच निकाल देऊन टाकला.

"पोरीला मोपेड. विषय खलास."

"मोपेडवर पेटी जात नाही, मामा."

"मंग स्कूटर घे. पुढं पेटी ठेव, मागं नवरा ठेव."

"नवरा अजून आलेला नाय," आई आतून म्हणाली. "पेटी आलेली हाय."

बाबांचं म्हणणं वेगळं होतं. त्यांना दूधवाले वापरतात तसली गाडी पसंत होती, लांब सपाट सीटची, भरपूर आवाजाची, कुठेही दुरुस्त होणारी. "नवशिक्याने देखणी गाडी घेऊ नये," ते म्हणाले. "नवशिक्या पडतो. पडली तरी वाईट वाटणार नाही अशी घ्यावी." मी माझ्या लाल गाडीची बाजू मांडली, आणि चांगली मांडली. शंभर सीसीची आहे, म्हणजे अंगावर येणार नाही. क्लच हलका आहे. हँडल फार खाली नाही, त्यामुळे दिवसभर चालवली तरी कंबर धरणार नाही. पेट्रोल कमी खाते. यातलं सगळं खरं होतं. वळणावर आडव्या होणाऱ्या त्या माणसाबद्दल मी बोलले नाही. आमच्या घरात वस्तू दोन कारणांनी येत, लागते म्हणून किंवा मोडली म्हणून. आवडली म्हणून काही आणलेलं मला आठवत नाही, आणि तसं म्हणायची मला लाज वाटली. सगळ्यांसमोर भूक लागलीय म्हणावं तसं ते वाटलं असतं.

आई बोंबील साफ करत होती. तिने हात धुतले, येऊन जाहिरातीचा कागद उचलला, जरा लांब धरून बघितला.

"तोंड कसा पुढं काढलाय, होरीवानी," ती म्हणाली. होडीला ती होरी म्हणायची आणि गाडीला गारी. "हीच घे गो. हिच्यावर मजा येल."

"बाय, मजेसाठी घ्यायचीय का?" मामा म्हणाला.

"मंग कनाला? रडासाठी?"

मी म्हटलं, "आई, मजेचा प्रश्न नाही. कामाचा आहे." आणि कागद तिच्या हातातून घेतला.

आता माझी भाची गाडी घ्यायचं म्हणते. नवशिक्यांसाठी कोणती स्पोर्ट्स बाइक चांगली यावर तिने मोबाइलवर इतकं वाचलंय की ऐकून मला थकवा येतो. परवा मला म्हणाली, "मावशी, पहिली गोष्ट सीटची उंची. दोन्ही पाय टेकले पाहिजेत. बाकी सगळं नंतर." मी भाजी चिरत होते, चिरत राहिले. सीटची उंची. इतक्या चर्चेत हा शब्द आमच्यापैकी कुणाच्याही तोंडून आला नव्हता. कंपनीच्या बुटक्या गाडीवर माझे पाय टेकायचे, म्हणून सगळ्या गाड्यांवर टेकतात असं मी धरून चालले होते. बाबा आणि मामा काय धरून चालले होते, ते मला माहीत नाही.

शोरूम ठाण्याला, माजिवड्याच्या पुढे हायवेला लागून होतं. मी पंजाबी ड्रेस घातला होता, इस्त्रीचा, ओढणी पिन लावून. बाबा कारखान्यातून अर्धी सुट्टी काढून आले. मामा आला. आई येणार नव्हती, म्हणजे मी तिला यायचं आहेस का असं विचारलंच नव्हतं. पण आम्ही पोचलो तेव्हा ती दारात उभी होती. मासळी लवकर संपली म्हणून बाजारातून थेट आली होती. गुडघ्यापर्यंत चापून नेसलेलं हिरवं लुगडं, मागे घट्ट कासोटा, अंबाड्यात अबोली, काखेत रिकामी पाटी. दार काचेचं होतं. आतल्या माणसाने ते आमच्यासाठी उघडलं आणि आई आत शिरताना त्याने श्वास रोखलेला मी पाहिला. इतर कुणी पाहिला नसेल. मी अशा गोष्टी पाहण्यात तरबेज होते.

विकणारा तरुण होता, टायवाला. तो मामाशीच बोलत होता. थंड पेय मामाला आणि बाबांना आलं, मग नंतर आणखी दोन आली. लाल गाडी हिरव्या गालिच्याच्या ओट्यावर मधल्या स्टँडवर उभी होती. जाहिरातीत होती त्याहून चांगली. तिच्या टाकीत शोरूमचे दिवे वाकडे होऊन दिसत होते.

"मॅडमना मागे बसायला एकदम कम्फर्टेबल," तो मामाला म्हणाला. "लेडीज फूटरेस्ट, साडी गार्ड, सगळं फिटिंग आहे."

"मागं कोन बसतंय? चालवणार हीच हाय."

"अच्छा, अच्छा." तो हसला आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळला. "मग बसून बघा ना मॅडम. टेक युवर टाइम."

मी ओट्यावर चढले. हँडलला हात लावला. आता पाय उचलायचा, सीटवरून पलीकडे टाकायचा आणि बसायचं. कंपनीच्या मागच्या गल्लीत हे मी कितीदा केलं होतं. पण तिथे बघायला कुणी नसायचं. इथे मागे बाबा उभे होते, मामा होता, तो टायवाला होता, दोन गिऱ्हाइकं होती. पाय फाकवून, सगळ्यांकडे पाठ करून, उंचावर. माझा पाय उचलेना. बाबा बाहेर हायवेवरचे ट्रक बघायला लागले होते, म्हणजे त्यांनाही तेच वाटत होतं.

"टांग टाक न् बस," आई म्हणाली. बाजारात समोरच्या रांगेतल्या बाईशी बोलायचा तो आवाज. "लाजतस कनाला? होरीत चढतस तशी चढ." दोन्ही गिऱ्हाइकं वळली. "नायतर मी बसून दावते. माझा लुगरा कासोट्याचा हाय, मना काय व्हत नाय." आणि तिने खरोखरच पाटी खाली ठेवली.

"आई, गप्प बस," मी दातांतून म्हटलं. ती थांबली. पाटी पुन्हा काखेत घेतली.

मग मी बसले. एका बाजूला दोन्ही पाय सोडून, गुडघे जुळवून, ओढणी मांडीवर नीट करून. स्कूटरच्या मागे बायका बसतात तशी, फक्त चालवणाऱ्याच्या जागी. पाय हवेत लोंबत होते. मी सीटवर दोनदा हाताने दाबून बघितलं आणि म्हणाले, "मऊ आहे. छान आहे."

"बघा, आरामदायी," टायवाला म्हणाला. बाबांनी मान हलवली. मामा म्हणाला, "बसली पण मस्त." बाबा साधा नट घेतानासुद्धा आधी बोल्टवर फिरवून बघणारे फिटर, मामाचं निम्मं आयुष्य ट्रकवर गेलेलं, मी स्वतः वजनकाट्यांच्या कंपनीतली, जिथे मोजल्याशिवाय काही खरं मानत नाहीत. आणि आम्ही तिघांनी, त्या टायवाल्यासकट चौघांनी, एक मोटरसायकल अशी पारखली. त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटलं नाही. उलट सगळ्यांना हायसं वाटलं. आई तेवढी माझ्या लोंबणाऱ्या पायांकडे बघत होती.

चालवून बघायचं कामही मामानेच केलं. चौकापर्यंत जाऊन आला, दारासमोर थांबला, डावा पाय टेकवून गाडी जराशी कलती धरून बसल्या बसल्याच म्हणाला, "लोणी हाय लोणी." दसऱ्याला घरी आणायची ठरली.

दसऱ्याच्या दिवशी आमच्या इमारतीच्या आवारात नवीन वस्तू आली की सगळे खाली उतरायचे, मग ती शिलाईमशीन का असेना. सकाळपासून सगळ्या मजल्यांवरून वेलदोडा-केशराचा वास येत होता, आमच्याकडून मटणाचा. मामाने गाडी शोरूममधून चालवत आणली आणि फाटकाच्या आत मधल्या स्टँडवर लावली. आईने नवं लुगडं नेसून पूजेचं ताट आणलं. टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हँडलला झेंडूचा हार घातला, नारळ फोडून पाणी चाकावर ओतलं, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. दातारकाकूसुद्धा आल्या होत्या, आणि नाकाला पदर न लावता म्हणाल्या, "छान आहे हो गाडी. कोण चालवणार?"

"आमची सुली," आई म्हणाली.

सगळ्यांनी जागा करून दिली. आता लिंबू चिरडून फाटकापर्यंत एक फेरी मारायची, असा रिवाज होता, आणि ती फेरी मी मारायची असं आईने परस्पर ठरवून टाकलं होतं. मी ओढणी कमरेला बांधली, डोळे मिटल्यासारखे केले आणि टांग टाकली. इतकं अवघड नव्हतं. स्टँडवर असल्यामुळे गाडी स्थिर होती. किक मारली आणि ती लागली. तो आवाज कंपनीच्या गाडीसारखा खडखडता नव्हता, बारीक आणि गोल होता, आणि तो कानातून येण्याआधी मांड्यांतून वर आला. दोन श्वास मी तशीच बसले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग मी क्लच दाबून गिअर टाकला, शरीराला झटका देऊन गाडी स्टँडवरून पुढे ढकलली आणि पाय खाली सोडले.

खाली काही नव्हतं. म्हणजे जमीन होती, पण माझ्या पायांची नुसती टोकं तिला घासत होती. पुढचं चाक लिंबावर चढून घसरलं, खाली नारळाचं पाणी होतं, हातातून क्लच सुटला, गाडीने एक उडी मारली आणि बंद पडली. मग ती उजवीकडे कलायला लागली. कलंडणारं कपाट धरावं तशी मी तिला धरून ठेवायचा प्रयत्न केला, आणि कपाटासारखीच ती सावकाश, सगळ्यांना नीट बघता येईल अशी, माझ्यासकट आडवी झाली. खाली पूजेचं ताट होतं. ताट वाजलं, इंडिकेटरची काच फुटली, अक्षता आणि हळद माझ्या केसांत आली.

आधी एक लहान मुलगा हसला आणि मग बरेच जण. "लागलं नाही ना गं?" दातारकाकू म्हणाल्या, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "मुलींना मोपेडच बरी बाई." मला कोपराला खरचटलं होतं, ते मला संध्याकाळी कळलं. मी उठताना बाबांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि वळून जिन्याने वर निघून गेले. त्यांच्या चपलांचा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येत होता. लोकांनी नंतर मला सांगितलं, त्यांना तुझं पडणं बघवलं नसेल. मला तसं वाटत नाही. त्यांना लाज वाटली होती. मी त्यांची मुलगी, मला त्यांच्या पाठीवरून कळायचं. आम्ही याबद्दल कधीच बोललो नाही आणि आता ते नाहीत.

मामाने गाडी उचलून भिंतीजवळ स्टँडवर लावली. लोक पांगल्यावर आईजवळ आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "सुले, तुझं काय चुकलं नाय. पाय पुरत नाय त्याला तू काय करशील? उद्या उजाडलं की दिलीपला धाडतो. ही तो घेऊन जाईल, त्याची मोपेड तुला सोडंल. घरातल्या घरात." दिलीप म्हणजे त्याचा मुलगा, कॉलेज सोडून बसलेला आणि गाडी ठरल्यापासून तिच्याबद्दल विचारत राहणारा. मामाचा हेतू वाईट नव्हता. तो मला वाचवत होता. मोपेड म्हणजे पेटी नाही, पेटी नाही म्हणजे बाहेरचं काम नाही, पुन्हा ते टेबल. हे सगळं मला कळत होतं, आणि तरी त्या क्षणी, केसांत अक्षता घेऊन, ती गाडी डोळ्यांसमोरून जावी एवढंच मला हवं होतं. मी मान हलवली.

मी जेवले. उपाशी राहण्याइतकं माझं दुःख कधीच मोठं झालं नाही. मटण चांगलं झालं होतं. बाबा माझ्यासमोर बसून जेवले आणि एकदा "मीठ दे" म्हणाले. संध्याकाळी आई तांदळाच्या भाकऱ्या थापत होती आणि मी तिच्याजवळ भांडी पुसत बसले होते. थापण्याचा तो ओला, सपाट आवाज, मग तव्यावर चर्र, मग पुन्हा थापणं. मध्येच ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाय टेकत नाय ते दुकानातच कळला असता."

"हो."

"तू बसलीच नाय."

"हो."

तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "माझी लाज वाटली काय गो?"

आईला खोटं सांगायचं तर लगेच सांगावं लागायचं. मी उशीर केला होता. "सगळ्यांची वाटली," मी म्हणाले. "तुझी, बाबांची, त्या टायवाल्याची. माझ्या पायांची."

"मंग बरा," आई म्हणाली. "मना वाटला, माझी एकलीचीच."

तिने भाकरी उलटली. ती फुगली. ती उतरवून दुसरा गोळा हातात घेतला आणि त्याच आवाजात विचारलं, "मजा आली का?"

"कधी?"

"परायच्या आधी. चालू झाली तवा."

मी विचार केला. हातात पितळी होती, ती पुसून झाली होती तरी पुसत होते. दोन श्वास. मांड्यांतून वर येणारा तो आवाज.

"आली," मी म्हणाले.

"मंग?" ती म्हणाली, आणि पिठाचा हात लावून थापायला लागली. बाकी काही नाही. मला तिने धीर दिला, समजावलं, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. तिला सात भाकऱ्या करायच्या होत्या किंवा आठ.

पण पितळ्या मांडणीवर लावताना मला हिरामामा दिसला, शोरूमच्या दारात थांबलेला. मामा माझ्याहून बोटभर उंच असेल नसेल. त्याचे तरी दोन्ही पाय कुठे टेकले होते? त्याने डावा पाय टेकवला होता आणि गाडी त्या पायाकडे कलती धरली होती. मी ते बघितलं होतं. पण तेव्हा आईची पाटी कुणाला लागत तर नाही ना, याकडे माझं अधिक लक्ष होतं. गाडी मी सरळ ठेवायला गेले म्हणून ती पडली होती. कलती ठेवली असती तर एक पाय पुरला असता. गादीचा स्पंज तासून सीट खाली आणता येते हेही पुढे कळलं, आणि मी तसं करूनही घेतलं. पण ते पुढचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांची कारखान्यातली जुनी पँट घातली, कमरेला नाडीने आवळली, पायात त्यांचेच जाड तळाचे बूट चढवले, पुढे कापड कोंबून. खाली गेले. दूध घ्यायची वेळ होती. आवारात निम्मी इमारत उभी होती, दातारकाकू पातेलं घेऊन पहिल्याच. सगळे माझ्याकडे वळले. फुटलेला इंडिकेटर लोंबत होता, तो मी चिंधीने बांधला. टाकीवरचं स्वस्तिक तसंच होतं. गाडी स्टँडवरून काढून डाव्या गुडघ्याला टेकवून धरली, सगळ्यांच्या समोर, कुणाकडे पाठ न करता आणि कुणाकडे न बघता टांग टाकली, डावा पाय पूर्ण टेकवला. गाडी कलती राहिली. पडली नाही. किक तिसऱ्या वेळी लागली.

आई पाटी आणि कोयती घेऊन जिन्यातून उतरत होती, रोजच्यासारखी, बाजारात पायी जायला.

"आये," मी मोठ्याने हाक मारली. त्या आवारात ती हाक मी तोवर कधी मारली नव्हती. "चल, सोडते तुला."

ती थांबली. गाडीकडे बघितलं, माझ्या पँटकडे बघितलं. "परशील?"

"माहीत नाही."

"बरा," ती म्हणाली. लुगड्याचा कासोटा एकदा चापून घेतला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लेडीज फूटरेस्टकडे ढुंकूनही न बघता टांग टाकून बसली, पाटी आमच्या दोघींच्या मध्ये. ती बसली तशी मागची स्प्रिंग दबली, सगळी गाडी एक सुस्कारा टाकून खाली बसली, आणि माझा उजवा पायही जमिनीला लागला. मी खाली बघितलं. दोन्ही टेकले होते.

"चल आता," आई माझ्या कानाशी म्हणाली. "मावरा थांबत नाय कुनासाठी."

बाबा फाटकाशी दुधाची पिशवी घेऊन उभे होते. फाटकाचं एकच पान उघडं होतं. त्यांनी दुसरंही उघडलं आणि बाजूला झाले. मी पहिल्या गिअरमध्ये बाहेर पडले, गचके खात, मग दुसऱ्यात. मानपाडा रोडला वळताना गाडी किंचित आडवी झाली आणि पुन्हा सरळ झाली. आईने माझा खांदा घट्ट धरला आणि मग सैल सोडला.

बाजाराच्या अलीकडे समोरून दिलीप येताना दिसला, मोपेडवर, केस पाण्याने चापून बसवलेले. आईने हात वर करून त्याला ओरडून सांगितलं, "जा रे घरी, भाकरी हाय, खाऊन जा." त्याने मोपेड थांबवली. मी थांबवली नाही.